एक टिंब

वेर्ण्याच्या पठारावर क्लबात एक फळा आहे,
सागवानी, काळा, माझ्या हातचा.
साल, नाव, गाव.
राष्ट्रीय अजिंक्यपद, मोटारसायकल.
अक्षराला दोन रुपये ठरले होते,
काना, मात्रा, वेलांटी फुकट.

अठ्ठ्याहत्तर: केकी भेसानिया, पुणे.
एकोणऐंशी: पुन्हा तोच.
मी नावाखाली नुसत्या दोन रेघा ओढल्या,
सेक्रेटरीने रेघांचे पैसे दिले नाहीत.
ऐंशी: सेल्वमुथुकुमारन, कोईमतूर.
'ल्व'ची मी दोन धरली.
त्या आठवड्यात घरात इसवण शिजलं.
एक्याऐंशी: इक्रामुल्ला, हैदराबाद.
तो जिंकल्यावर हेल्मेटात पाणी घेऊन प्याला,
हे फळ्यावर नाही.
ब्याऐंशी: स्पर्धा रद्द.
कुणीच न जिंकलेल्या सालालाही
चार अक्षरं लागतात.

आणि त्र्याऐंशी. आपला.

मी चिऱ्यांच्या ढिगावर उभा होतो.
आधी नुसता आवाज,
मग कड्याच्या टोकाला एक टिंब,
टिंबाला चाकं फुटायची,
चाकांवर माणूस उगवायचा
आणि दिसला दिसला म्हणेपर्यंत
तोंडात लाल धूळ.
असे अकरा फेरे. अकराव्यात तो एकटाच.

त्या रात्री उर्राक पिऊन, कंदिलाशी बसून लिहिलं:
सातान बार्रेतो, चिंचिणी.
गावाचं टिंब दिलं,
माणसाचं राहिलं.

सकाळी हसून हसून लोकांची पुरेवाट.
सांतानचा सातान, दुपारपर्यंत सैतान.
पाद्री म्हणाला, आधी ते नीट कर.
मी ब्रश घेऊन धावलो तर हाच आडवा आला:
राहू दे रे.
संताचं नाव लावून पाच वर्षं आपटलो.
हा कोण तो जिंकला, त्याचं त्याला असू दे.

आज तो मडगावच्या स्टँडवर पायलट आहे.
पिवळा मडगार्ड, काळी टाकी,
आरशाला बांधलेला रोजार.
उजवा गुडघा वळत नाही, तो बाहेर धरून चालवतो.
त्र्याऐंशीनंतरचं काही फळ्यावर नाही.
मी मागे बसलोय, मांडीत पांढऱ्या रंगाचा डबा.
क्लबवाले म्हणाले, नावं विटलीत,
एकदा हात फिरव, पुढच्या वर्षी फ्लेक्सच लावू.

कोंबडी दिसली की हा थांबतो.
गतिरोधकावर असा चढतो
जणू खाली कुणी निजलंय.
नुव्याच्या चढावर पोदेर घंटी वाजवत
सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला.
मी म्हटलं, सांतान, अरे.
म्हणाला, पात्रांव, तुझा रंग सांडेल.

क्लबात पंखा बंद. शिडीवर मी.
भेसानिया. रेघा.
सेल्वमुथुकुमारन, या वेळी 'ल्व' एकच धरला.
इक्रामुल्ला. स्पर्धा रद्द.
मग सा.
ब्रशाच्या टोकावर थेंब धरून मी थांबलो.
चाळीस वर्षांचं देणं, तांदळाएवढं.

बाहेर किक बसली.
खिडकीतून पाहिलं:
औषधाच्या कारखान्याच्या फाटकाशी,
जिथे तेव्हा तिसरं वळण होतं,
पिवळा मडगार्ड कलला,
इतका कलला की माझाच पाय शिडीवर घसरला.
ट्रक, कंटेनर, पहारेकऱ्याची शिट्टी,
आणि त्या सगळ्यापलीकडे
लहान, लहान,
मग डोळ्यांना दिसतं तेवढंच काहीतरी.

थेंब फरशीवर पडला.
मी पुसला नाही.

तो आला तेव्हा मी डब्याचं झाकण ठोकत होतो.
लिहिलंस?
वाळतंय, म्हटलं.
फळ्याकडे त्याने पाहिलंही नाही.
सायलेन्सर कडकड निवत होता.

मडगावला उतरलो.
जायचे शंभर, यायचे शंभर,
थांबल्याचे पन्नास, म्हणाला.

मी मोजून दिले.
तू थांबला होतास कुठे,
हे विचारलं नाही.