यू-रॉड

खानापुरात, जांबोटी क्रॉसच्या अलीकडं,
आमच्या गॅरेजच्या पत्र्यावर अजून बाबांचंच नाव आहे:
भावकाण्णा हलगेकर, पाटे व कमानकाम.
वर कानडी, खाली मराठी,
मधल्या पट्टीवर ग्रीसचा अंगठा, तो माझा.

इनास सोज जीप घेऊन आला तेव्हा
तिची हिरवी कातडी अजून लष्करीच होती.
बेळगावात, कॅम्पातल्या लिलावात घेतलेली.
म्हणाला, मामा, चार इंच उचला.
मऊ, लांब कॉइल घाला,
चाक खड्ड्यात पार खाली उतरू दे.
आणि ही आडवी यू-रॉड काढूनच टाका,
चिखलात एक चाक वर गेलं की दुसऱ्यालाही ओढते.
वर टपावर कॅरियर.
त्यात स्टेपनी, तंबू, डिझेलचे दोन कॅन.

बाबांनी टेप माझ्या हातात दिला.
चाक ते चाक: अठ्ठेचाळीस.
मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं.
"रुंदी हाय तेवढीच, उंची तेवढी वाढवूलालास.
आणि वर डोस्क्यावर तंबू."
इनास हसला.
गिऱ्हाइकाचे पैसे, गिऱ्हाइकाची जीप.
आम्ही काम केलं.
यू-रॉड भिंतीवरच्या खिळ्याला टांगली,
ती तिथं कुणाच्या तरी पडलेल्या मिशीसारखी दिसायची.

ट्रायलला कणकुंबीच्या पुढं गेलो.
बाबा पुढं, मी मागं, हत्यारांच्या पेटीशेजारी.
कडेला पिवळा बोर्ड, कानडीत: तिरुवु.
वेग चाळीस. शपथेवर सांगते, चाळीसच.
वळणाच्या पोटात काजूचं एक पोतं,
कुठल्या तरी टेम्पोतून पडलेलं.
इनासनं उजवीकडं कापलं, लगेच डावीकडं.

पहिल्या हिसक्याला जीप नुसती कलली,
बसमध्ये झोप लागलेल्या पावण्यासारखी,
सावकाश, शेजाऱ्याच्या खांद्यावर.
मऊ स्प्रिंग भांडत नाही.
ती देते, देत राहते,
आणि देण्यासारखं संपलं की
रबराच्या ठोकळ्यावर टक् करून आपटते.
दुसरा हिसका त्या टकवर आला.

मी डाव्या अंगाला बसले होते.
वाकून बघितलं तर मागचं चाक हवेत.
फिरत होतं, बिनकामाचं,
आणि नक्षीत अडकलेला एक खडा
सुटून खाली पडला.
पडायला त्याला वेळ लागला.
तेवढ्यात माझ्या डोक्यात
अठ्ठेचाळीसचं निम्मं झालं, चोवीस,
आणि उंचीचा आकडा काही केल्या आठवेना.

"ब्रेक नको," बाबा म्हणाले. आवाज चढला नाही.
"स्टेअरिंग सोड जरा.
जिकडं पडूलालीय, तिकडंच जाऊ दे तिला."

चाक खाली आलं.
बारा-तेराचा पाना पेटीतून उडून
माझ्या मांडीवर येऊन बसला होता.
इनासच्या गळ्यातला क्रूस पाठीवर गेलेला,
तो त्यानं पुढं घेतला, आणि इंजिन बंद केलं.

आता त्या जीपला दोनच इंच उंची आहे,
टप मोकळा, चाकं दोन्हीकडं बोटभर बाहेर.
यू-रॉड परत जागेवर, पण एका टोकाला पिन,
मीच लेथवर काढलेली.
चिखलात सोड, डांबरावर बांध.
इनास पिन लावायला विसरतो,
मग मी शिव्या घालते. त्याला चालतं.

पण हे सगळं नंतरचं.
त्या दिवशी आम्ही तिघं खाली उतरलो,
पाय अजून कललेल्या जमिनीवर असल्यासारखे,
आणि चालत मागं गेलो.
इनासनं पोतं उचलून खांद्यावर घेतलं
आणि तिथंच झोकांडी खाल्ली.

"खाली घे," बाबा म्हणाले, "पोटाशी धर.
पाय फाकव की गा."

त्यानं तसं धरलं.
कडेच्या दगडापर्यंत तो बदकासारखा चालत गेला.
काजू एकही सांडला नाही.