चौथं बेअरिंग

इंजिन आलं ते शाळेच्या एका बसच्या पोटातून.
सरळ रांगेत सहा सिलिंडर, सात बेअरिंगांवर फिरणारा क्रँक,
पाण्याच्या वाटांमध्ये वाळूसारखा गंज.
एलिसेओ, माझे वडील, त्याच्याभोवती दोनदा फिरले,
बैल विकत घेताना फिरावं तसे,
आणि म्हणाले, "हाडं चांगली आहेत."

पिकअप चौसष्ट सालची.
हिरवा रंग उरलेला फक्त दारांच्या आतल्या अंगाला.
पिन्योनचं सरपण वाहून वाहून मागची फळी पोक आल्यासारखी.
त्रुचासच्या चढावर सायकलवाले तिला मागे टाकायचे
आणि वडील काच खाली करून हात करायचे,
जणू परवानगी त्यांनीच दिली होती.

आता मात्र त्यांना वेग हवा होता.
का, ते सांगितलं नाही.

हिवाळाभर गॅरेजात रॉकेलचा हीटर, ते आणि मी.
त्यांच्या डाव्या डोळ्यावर साय धरलेली,
म्हणून मायक्रोमीटर मी वाचायचे;
मी बोलायचे आकडा, ते पुठ्ठ्यावर लिहायचे.
पिस्टनच्या रिंगांची टोकं कानशीने घासायची,
दोन हात, मग मोजायचं, मग अर्धा हात.
"लोखंड परत चिकटत नाही, निएवेस."

आठ हजार फुटांवर हवाही पाणी घातलेल्या दुधासारखी,
म्हणून ती जास्त दाबायची.
हेड तासून घेतलं, कार्ब्युरेटर दोन लावले,
जेट मात्र बारीक.

फेब्रुवारीत, रात्री अकराला, चौथं बेअरिंग.
जर्नल दीड हजारांश बारीक भरलं.
इंचाचे हजार भाग करा, त्यातला दीड.
क्रँक पुन्हा अल्बुकर्कीला पाठवायचा, म्हणजे
दोन आठवडे, तीनशे डॉलर,
आणि मला सकाळी सहाची ड्यूटी.
मी तोच आकडा बोलले जो त्यांना हवा होता.
त्यांनी लिहिला. सावकाश, शून्याला नीट पोट काढून.

मला झोप लागली. चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक जर्नलवर
शिवणाच्या दोऱ्याएवढी हिरवी मेणाची तार ठेवली,
टोप्या आवळल्या, पुन्हा उघडल्या.
फट जितकी कमी, तार तितकी पसरट.
चौथी जेमतेम चेपलेली.
त्यांनी ती पाहिली नाही, नखाने चाचपली.
पुठ्ठ्यावरचा माझा आकडा खोडला नाही,
शेजारी फक्त एक टिंब दिलं.
"दुकान आठला उघडतं."

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळलेला क्रँक.
त्यालाही पट्टा लावला.
जाताना एक शब्द नाही.
येताना एस्पान्योला मागे पडल्यावर, दिवे लागताना म्हणाले:
"तुझ्या आईचा ताप
मी तिला रोज एक डिग्री कमी सांगायचो."
मी वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

एप्रिलमध्ये पेटलं. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार,
याच क्रमाने, वीस मिनिटं, दोन हजार फेऱ्यांवर,
नव्या कॅमला जुळवून घ्यायला द्यावा लागतो तेवढा वेळ.
पलीकडे उबाल्दोचा कुत्रा आधी भुंकला,
मग गप्प बसून ऐकू लागला.
"काटा?"
"अठ्ठावन्न."
"परत बघ."
परत बघितलं. अठ्ठावन्न.

चढाला मी चालवत होते, ते शेजारी.
तिसऱ्या गिअरमध्ये ती अशी उचलली गेली
की डॅशबोर्डवरचा पुठ्ठा त्यांच्या मांडीवर येऊन पडला.
पुढच्या वळणावर एक सायकलवाला,
उभा राहून पेडल मारणारा, पाठ घामाने काळी.
वडिलांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
"जाऊ दे त्याला पुढे."
मी पाय काढला. का, ते विचारलं नाही.
सगळी ताकद हुडाखाली घुमत राहिली,
आम्ही त्याच्या मागून माणसाच्या चालीने वर.

"त्रेपन्न," मी म्हटलं,
त्यांनी विचारायच्या आत.