चुंबक

कुनेओच्या वरच्या गावात, एका गोठ्यात,
बासष्ट सालची लान्चिया.
दारावर चुंबक टेकवलं, चिकटलं.
बॉनेटवर चिकटलं.
डाव्या मडगार्डवरून मात्र
घसरून पेंढ्यात पडलं.

"अ‍ॅल्युमिनियम," मी म्हणालो.
"दुधाचे कॅन," एर्मेलिंदा म्हणाल्या.
"घाटात बर्फावरून गेली होती.
कारखान्याचा पत्रा यायला सहा महिने.
चेलेस्तीनोनं चार कॅन कापले,
अख्खा जानेवारी ठोकत बसला.
शेजारी बोलेनासे झाले."

मी पाठीवर आडवा होऊन टॉर्च मारला.
आतून हातोडीच्या खुणा, खवल्यांसारख्या दाट,
आणि मधोमध डेअरीचा शिक्का,
उलटा.

"जुनं मडगार्ड असतं तर…"
त्यांनी अंगणाकडे बोट केलं.
कोंबड्या त्यात पाणी पीत होत्या.

गंजकं का असेना, मी समजावलं,
मूळ ते मूळ. किमतीत तीस टक्क्यांचा फरक पडतो.
"आणि कोंबड्यांनी?"

फॉर्मवर लिहिलं : डावं मडगार्ड मूळ नाही.
शेजारचा रकाना, 'बनवणारा'.
तिथं मी एरवी रेघ मारतो.
त्यांनी नाव सांगितलं,
एकेक अक्षर सुटं करून,
आणि शाई वाळेपर्यंत
वाकून बघत राहिल्या.