कुलरवाला

मानेवाड्यात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
मी गेलो होतो तो फक्त कुलर बघायला.
एप्रिल. दुपारचे चार. पारा चव्वेचाळीस.
पंप चालू, पण ताटीवर पाण्याचा थेंब नाही.
दहा मिनिटांचं काम.

सतरंजीवर पंधरा-वीस माणसं गोल बसलेली.
मला वाटलं, भिशी असेल.

निमजेबाई म्हणून एक होती, गोळीबार चौकातली.
सांगत होती की पोरीने या वर्षात
अकरा डबे हरवले, सात बाटल्या,
अन् एकदा पायातला बूट.
"एका बुटावर घरी आली, बाप्पा!
लंगडी घालत. अन् वरून खुश!"
सगळे हसले. कुलरच्या मागे मीही हसलो.
मग हसता हसता तीच रडायला लागली.
कोणी म्हटलं नाही, रडू नका.
पाण्याचा तांब्या हातोहात सरकत
तिच्यापर्यंत गेला, एवढंच.

मी पाइप फुंकून पाहिला. क्षार साचलेला.

गजभिये मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ऐकत नाही.
मग ते पुसून लिहिलं: ऐकतो, पण टिकत नाही.
म्हणाल्या, हा माज नाही, लाडाने बिघडणं नाही,
तुमच्या सासूबाई म्हणतात तसा आईचा दोषही नाही.
मेंदूची ठेवण तशी असते. त्याला नाव आहे.
ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं
तोंडात दोन स्क्रू धरून.

आणि मला गच्ची आठवली.
रविवारी सम्यकला एका दमात सांगितलं होतं:
मोटर बंद कर, आजीला गोळी दे,
दप्तर भर, अन् दही घेऊन ये.
अर्ध्या तासाने सापडला तो वर.
टाकी भरून वाहत होती
आणि हा विटांचे तुकडे लावून
ओघळाला वळण देत होता,
इतका शांत, की शाळेच्या डायरीतली लाल शाई
कोणा दुसऱ्याच पोराबद्दल असावी.
मी आधी थप्पड मारली.
मोटर नंतर बंद केली.

राहांगडाले काका उठले, एसटीतले निवृत्त कंडक्टर,
नातवासाठी येतात.
"तीस वर्षं मी एकेक थांबा ओरडलो.
चढल्याबरोबर अख्खा रूट सांगितला असता
तर उतरलं असतं का कोणी बे?
एक थांबा सांगा. उतरू द्या.
मग पुढचा."

पाइप मोकळा झाला.
ताटी वरून खाली काळी होत गेली,
वाळ्याचा वास सुटला,
दोघा-तिघांनी न बघताच पदर, कॉलर सैल केली.
माझं काम संपलं होतं.
तरी मी बसवलेला स्क्रू पुन्हा काढला, पुन्हा बसवला.

मॅडम जवळ आल्या. "किती झाले?"
"नऊ," मी म्हणालो.
त्या पर्समध्ये बघत थांबल्या.
"नऊ वर्षांचा झाला. माझा. मार्चमध्ये."

पर्स बंद झाली.
सतरंजीवर कोणीतरी मांडी आवळली,
बाजूच्याने आवळली, त्याच्या बाजूच्याने,
आणि एका माणसापुरती जागा निघाली.

त्या संध्याकाळी घरी म्हणालो, "चप्पल घाल."
आणि थांबलो.
फार कठीण असतं ते थांबणं,
जिभेवर पुढची तीन कामं तयार असतात.
त्याने एक घातली. पालीकडे बघितलं.
दुसरी घातली.
माझ्याकडे वळून बघितलं, आता काय, म्हणून.

जमतंच रोज असं नाही.
परवाच ओरडलो, शेजारपाजारचे बाहेर आले.
शाळेत नवीन बाई आल्या की पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं;
मागच्या वेळी निमजेबाई सोबत आल्या होत्या,
माझ्यापेक्षा जोरात बोलल्या.

पक्कड मी त्या दिवशी हॉलमध्येच विसरलो.
बायको म्हणाली, पोरगा कोणावर गेला ते कळलं.
दुकानात तीन कुलर अर्धे उघडे पडलेत,
मी काय बोलणार.
दुसऱ्या शनिवारी पक्कड आणायला गेलो.

आठ महिने झाले,
अजून तीच आणायला जातो.