रविवारचं हाडूक

हेरवाडे बाईंनी दिलेल्या कागदावर सगळं होतं.
वाटीचं माप, कानातले थेंब,
लाल गादी कुठल्या बाजूनं घालायची,
फटाके वाजले तर रेडिओ मोठा करायचा.
तळाशी दोन रेघा ओढून: बाहेरचं काही नको.
बाई बाळंतपणाला गेल्या बंगळुरूला, लेकीच्या.
दिवाण राहिला आमच्याकडं, राजारामपुरीत,
चौदा दिवस, दिवसाला साडेतीनशे.

मंगळवारी तो उठला नाही.
दुपारी उठला तर पुढचे पाय पसरून, मागचं अंग उंच धरून
तसाच थांबला,
देवापुढं वाकल्यासारखा.
शालनला आधी हसू आलं.
मग पिवळं पाणी. परत पिवळं पाणी.
तिनं जुनं लुगडं फाडून फरशीवर अंथरलं,
हसली होती म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

वजन किती, मगदूम डॉक्टरांनी फोनवर विचारलं.
त्याला उचलून काट्यावर उभा राहिलो: ब्याऐंशी.
त्याला खाली ठेवून एकटा: सत्तर.
म्हणजे बारा.
आला तेव्हा तेरा होता, शालन म्हणाली.
"बाहेरचं काही खाल्लंय का?"
"नाही," मी म्हणालो.
शालन दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर बघत राहिली.

रात्री बागवानच्या रिक्षातून कावळा नाक्याला.
कोपऱ्याकोपऱ्यावरची कुत्री अंगावर धावून येत होती.
एरवी हा एकेकाला उत्तर देतो,
आज माझ्या मांडीवर नाक ठेवून ऐकत होता नुसता.
बागवान म्हणाला, सीट खराब झाली तरी चालंल, मामा,
पोरगंच हाय ते.
परत येताना भाडं घेतलं त्यानं,
पण मीटर न बघता.

ज्या खुंटीला तीस वर्षं माझी कंडक्टरची बॅग असायची
तिथं आता सलाईनची बाटली.
थेंब मोजत बसलो.
केएमटीत लोक काय काय विसरायचे.
छत्र्या, डबे, एकदा बांगड्यांचं आख्खं खोकं,
एकदा कुणाचा तरी एकच चप्पल.
सगळं डेपोत जमा केलं, सही घेऊन.
कुणी न्यायला येवो न येवो.
दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही कधी.
लाड मात्र केला.
रविवारी ताटातलं हाडूक, चरबीचा तुकडा लागलेलं,
त्याच्या डोळ्यांकडं बघून
टेबलाखालून दिलं.
त्याचे डोळे तसलेच, त्याला काय करणार.

दीड वाजता डॉक्टरांना उठवलं.
म्हटलं, खोटं बोललो मी.
पलीकडं जांभई. मग:
"पांढरा का तांबडा?"
"पांढरा."
"बरं. आता सकाळपर्यंत पोटात काही नाही,
पाणीसुद्धा चमच्यानं.
आणि मामा, हे आधी सांगायचं असतंय."
रागावले असते तर बरं झालं असतं.

पहाटे तो माझ्या तळव्यातलं पाणी चाटला.
दोन चमचे.
राहिलं पोटात.
शालनला उठवलं नाही,
ती जागीच होती.

सात वाजता बाईंना फोन लावला.
आधी आजार सांगितला, मग औषध,
हाडूक शेवटी.
बाई बोलल्या नाहीत.
त्यांच्या मागं बाळ रडत होतं, चार दिवसांचं.
माझ्याकडं घड्याळ, नळाचं पाणी,
पेपरवाल्याची सायकल.
कुणीतरी ओरडायला पाहिजे होतं.
मग त्या म्हणाल्या, "फोन त्याच्या कानाला लावा."

लावला.
एक कान उचलला त्यानं. दुसरा तसाच पडून.
त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही,
उठून फ्रीज उघडला.
आत रश्श्याचं पातेलं, वर पांढरा थर धरलेला.
गरम करवेना,
ओतवेनाही.
दार उघडंच राहिलं, गार वारं पायावर येत.