बादली

या मैदानाखाली काच आहे.
बाटल्यांच्या कारखान्याने चाळीस वर्षं
फुटका माल इथेच ओतला, ओढ्याकाठच्या खड्ड्यात:
हिरवा, तपकिरी, औषधाच्या बाटल्यांचा निळा.
सत्तेचाळीस साली युद्धावरून परतलेल्या पोरांनी
मालकाकडे बेसबॉलला जागा मागितली,
आणि जिची किंमत शून्य होती ती त्याने
मोठ्या मनाने दिली. फोटोही काढून घेतला.

माझे वडील, ऑन्द्रेय हुदाक, भट्टीची पाळी संपवून
ढकलगाडीने माती आणत.
तीनशे खेपा, ते सांगत.
दोनशे, आई म्हणे. उरलेल्या शंभर बिअरच्या.

दर एप्रिलला बर्फ वितळला की
जमीन काच वर ढकलते.
आम्ही बादल्या घेऊन, खांद्याला खांदा लावून
या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चालायचो,
माना खाली,
जणू साऱ्या गावाचं मिळून एकच कानातलं हरवलंय.

कारखाना एक्क्याऐंशीत बंद पडला.
धावफलकावरचा सातचा आकडा त्याच हिवाळ्यात गळाला;
तेव्हापासून तिथे उलटा एल लावतात.
पोरं कोलंबसला गेली, काही त्याच्याही पुढे.
नऊ जण जमेनात.
गवत वाढलं, आणि गवतात कुत्री आली.
सगळ्यात आधी मार्व्हा टिबेट्सची डचेस,
तीन पायांची ग्रेहाउंड,
तीन पायांवरही आमच्या शॉर्टस्टॉपपेक्षा चपळ.

नगरसभेत एल्डन क्रेब्स उठला:
‘दुसऱ्या बेसवर मी घसरलो तेव्हा कशात घसरलो,
ते बायकांसमोर सांगत नाही.’
मार्व्हाने पर्समधून एक तुकडा काढून टेबलावर ठेवला.
निळा.
‘हा डचेसच्या पंजातून निघाला. हे मी सांगते, सगळ्यांसमोर.’

वडील तेव्हा एकोणऐंशीचे.
त्यांनी चष्मा लावला, तुकडा दिव्यासमोर धरला.
‘खोकल्याचं औषध,’ म्हणाले. ‘बत्तीस सालचं.
तेव्हा या साच्यावर माझा बाप होता.’
सभा घटकाभर गप्प बसली.
मग पुन्हा भांडली, साडेअकरापर्यंत.
सात विरुद्ध सहा मतांनी मधोमध जाळी आली:
इकडे चेंडू, तिकडे कुत्री.
वडिलांनी कुणाला मत दिलं
ते आईलाही सांगितलं नाही.

पुढच्या एप्रिलला मार्व्हा बादली घेऊन आली.
कुणाशी बोलली नाही. रांगेच्या टोकाला उभी राहिली.

आता गुणपुस्तक मी लिहिते.
आमचा एक नियम दुसऱ्या कुठल्याच मैदानावर नाही:
चेंडू जाळीपलीकडे गेला आणि कुत्र्याने उचलला
तर फलंदाजाला दोन बेस.
कुत्र्याने परत आणून दिला तर काय,
हे ठरवलेलं नाही.
वेळच आली नाही.

डचेस गेली, वडील गेले, एल्डनही.
मार्व्हाला वाकता येत नाही, ती काठीने दाखवते:
इथे. तिथे. अगं, पायाखाली बघ.
यंदा आम्ही एकवीस माणसं होतो, अकरा कुत्री.
दुपारपर्यंत बादली
अजूनही भरते.