अर्धं पुसलेलं पान

सिल्लारीच्या रस्त्यावर सुमरत उईकेंनी
जिप्सी थांबवली. मातीकडे बोट.
"पाहा जी," म्हणाले, आणि गप्प.
आम्ही वाघ वाघ करत वाकलो.
ठसा निघाला साळिंदराचा,
त्यावर आणखी कुणाचा तरी.
"आधी कोण गेलं?"
उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

अकरा वर्षं मी प्रकाशसंश्लेषण शिकवते.
फळ्यावर सूत्र, सूत्राखाली दोन रेघा.
पोरं सगळं उतरवून घेतात,
बहुधा माझी शिंकसुद्धा.

सोमवारी फळा कोरा ठेवला.
टेबलावर करंजाची डहाळी, कोराडी रोडवरची,
एक पान ओल्या रुमालानं अर्धंच पुसलेलं.
"इथून कोण गेलं?"
आणि मग मी गप्प बसले, म्हणजे बसायला गेले.
कूलरची घरघर. खालून तर्रीचा वास.
जिभेवर आलेलं उत्तर
सुपारीसारखं गालात दाबून धरलं.

शेवटच्या बाकावरची अश्लेषा ठवकर,
हजेरीलाही नुसता हात वर करणारी,
पुढे आली. पानावर बोट फिरवलं.
"राख आहे मॅडम. आमच्या गच्चीवरचे कपडे
आई दोनदा झटकते."
मग पानाकडेच बघत, घरच्या बोलीत:
"याले कोण झटकते?"

मी खडू उचलला,
परत ठेवला.
घंटा झाली. कुणी वही मिटली नाही,
उघडलीच नव्हती कुणी.

पार्किंगमध्ये स्कूटीची सीट पुसायला
रुमाल काढला, तर तो राखाडी.
घडी घालून पर्समध्ये ठेवला.
तशीच बसले धुळीवर,
आणि घरापर्यंत
रस्त्यातलं एकेक झाड
विचारत राहिलं.